नाकाभोवतीच्या चिपा

बोशतुनच्या पडक्या नगरात कोणीही आलं, की आधी मान वर करतं. मुखवट्यांचा महाल, त्याचा उजवा कोपरा, तिथे पावसाचा देव चाआक, आणि त्याचं ते नाक. महालावर मुखवटे सतरा. सोळांची नाकं खाली वळलेली, हे एकच वर. कोंबड्याच्या शेपटासारखं तोऱ्यात वर.

आणि नासारिओ उईकाब? त्याच महालावर चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस! पण त्या कोपऱ्याशी आला, की हटकून खाली बघायचा. कधी चपलेचा पट्टा नीट करायचा, कधी नुसताच खोकायचा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणून अरेतुरे करते हो; गाव त्याला मानाने 'तात नासारिओ' म्हणतं. आम्हाला वाटायचं, देवाला भिऊन असतो बिचारा. कसला देव न् कसलं काय! त्याची भीती वेगळीच होती, आणि अडतीस वर्षं त्याने ती कुणाला कळू दिली नाही. बायकोलासुद्धा नाही, म्हणजे बघा.

आधी त्या नाकाचं आमच्याकडचं प्रस्थ सांगते. आमच्या बेसबॉलच्या संघाचं नाव 'वरनाके'. बेकरीत एक गोड पाव मिळतो, त्याचं टोक वर वळवलेलं असतं, आणि ते टोक कुणी खायचं यावरून घराघरांत पोरं भांडतात. बायका झग्याच्या गळ्यावर तेच नाक भरतात. शेजारच्या गावाशी कशावरूनही जुंपली, की आमचा शेवटचा टोला ठरलेला: "जा रे, तुमचा देव अजून जमीन हुंगतोय!" मेरिदासारख्या मोठ्या शहराहून, पार परदेशाहून माणसं येतात ती त्या नाकापायी. मोठ्या जाड पुस्तकात छापलंय, की जुन्या लोकांनी ते बसवलं तेव्हापासून एकदाही हललेलं नाही, म्हणून त्याचं एवढं मोल.

आणि ते बसवलं होतं नासारिओने. शहाऐंशी साली.

नासारिओ जन्मला विहिरीमागच्या घरात. बाप मधमाश्या पाळायचा, पण पोराला माश्यांपेक्षा दगडांचं वेड. चौदाव्या वर्षी मामाच्या हाताखाली चुना कालवायला लागला, आणि विशीत त्याच्या हाताला अशी जाण आली, की दगड तळहातावर नुसता फिरवून सांगायचा, "हा या अंगावर बसेल, त्या अंगावर रडेल." खोड एकच, शीळ. चुना कालवताना शीळ, विहिरीचं पाणी ओढताना शीळ, दुपारी दोरांच्या टांगत्या झोळीत आडवा पडला तरी शीळ. त्याची बायको लिब्रादा म्हणते, "याचं तोंड मी नंतर बघितलं. आधी शिळेवरच फसले."

आता पडक्या नगरात शीळ घालायची नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक. ती नगरं बांधली बुटक्या, कुबड्या लोकांनी. ते शीळ घालायचे, आणि दगड आपणहून चालत येऊन जागेवर बसायचे. पुढे ते लोक माजले आणि पुरात बुडाले. पण दगडांच्या कानात ती शीळ अजून असली तर? उगाच कशाला विषाची परीक्षा! म्हणून तिथे तोंड मिटून काम करायचं. नासारिओही मिटायचा. एकदाच चुकला.

दुसरा नियम सरकारी, पण आमच्या गवंड्यांनी तो देवाच्या नियमासारखा पाळला. पडलेली भिंत पुन्हा उभी करताना आपण लावलेल्या दगडाभोवतीच्या ओल्या चुन्यात बोटाच्या पेराएवढ्या दगडी चिपा दाबायच्या, एकीला एक लागून. चिपा दिसल्या, की समजायचं हा हात आजचा. चिपा नाहीत, म्हणजे हात त्यांचा, हजार वर्षांपूर्वीचा. आपलं ते आपलं, त्यांचं ते त्यांचं. यात लबाडी केली, तर ती कुणाला कधीच कळत नाही, आणि म्हणूनच कुणी करत नसे.

तर त्या शहाऐंशी सालचा मे महिना, हंगामाचा शेवटचा दिवस. मुख्य होते बारोसो साहेब, माणूस भला पण कायम घाईत. सकाळीच मेरिदाला निघाले आणि जाता जाता नासारिओच्या हातात कागद ठेवून गेले. "कोपऱ्याचं नाक तेवढं राहिलंय बघ. ढिगाऱ्यात सापडलेलं ते बसवून टाक. बाकीच्यांसारखंच, टोक खाली. उद्या परांची उतरवायची आहे." कागदावर चित्रही होतं, नाकाचं टोक खाली.

त्या नाकाला मागे हातभर लांब शेपूट असतं, ते भिंतीतल्या खोबणीत जातं. नासारिओने टोक खाली धरून शेपूट आत सारलं. जाईना. पुन्हा सारलं, पुन्हा अडलं. दिवस कलला होता, खोबणीच्या आतलं काही दिसत नव्हतं, चुना घट्ट व्हायला लागला होता आणि खाली नाकाचं वजन पेलणारा दोर धरलेले दोन परगावचे मजूर घरी जायला टपलेले. साहेबांचं ऐकायचं, तर शेपूट छिन्नीने तासायला हवं. हजार वर्षांच्या दगडाला छिन्नी! त्याचा हातच उचलेना. त्याने नाक उलटं फिरवलं, सहज, बघावं तरी म्हणून, आणि त्या विचारात तोंडातून शीळ निसटली. अगदी बारीक. दगड सरकन आत गेला, जुन्या चपलेत पाय जावा तसा.

नाक वर!

त्याने दोन्ही हातांनी टोक धरलं. ओढून बघितलं, तर दगड ढिम्म. शेवटी त्याने कडेने चुना भरला, थापी फिरवली, आणि चिपा लावायच्या राहिल्या. राहिल्या कसल्या, त्याने लावल्या नाहीत. चिपांचा डबा हाताशी होता. पण लावल्या असत्या, तर कुणीही विचारलं असतं, हे उलटं कोणी बसवलं रे? उद्या साहेबांना सांगू, मग लावू, अशी मनाची समजूत घालून तो खाली उतरला.

साहेब पुन्हा आलेच नाहीत. त्यांची उत्तरेला बदली झाली आणि दोन वर्षांत तिकडेच वारले. त्यांचे कागद कुठे गेले देव जाणे. मजूर परत फिरकले नाहीत. आणि तो कोपरा आधी झाडीने झाकलेला, तिथे नाक होतं की नव्हतं हे गावात कुणी बघितलेलंच नव्हतं. पुढच्या हंगामात नवा साहेब आला. कोपऱ्याखाली उभा राहिला, डोळे बारीक करून बघितलं, एकही चीप दिसेना, आणि गडी ओरडलाच, "अरे, हे तर मूळचं आहे! आणि वर!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. नासारिओनेही पिटल्या. तिथे तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, पण नाही उघडलं. आणि खोट्याचं कसं असतं, पहिल्या दिवशी गिळलं की रोज गिळावं लागतं. पुस्तक निघालं, पाव निघाला, संघ निघाला. दर वर्षी ते नाक त्याच्या डोक्यावर आणखी जड होत गेलं. शीळ तर त्याने त्या दिवसापासून सोडलीच. लिब्रादाला वाटलं, दात पडले म्हणून.

तेव्हापासून चिपांच्या बाबतीत मात्र तो कर्दनकाळ झाला. मुलगा नव्हता, एकच पोर, नेल्सी. एकोणिसाव्या वर्षी पँट चढवून बापामागे परांचीवर उभी राहिली. गावाने नाकं मुरडली. "हिला नवरा नको, थापी हवी," असं म्हणणाऱ्यांत मीही होते, कबूल करते. पण बापाने तिला शिकवलं ते मुलाला शिकवावं तसं, म्हणजे निर्दयपणे. तिची पहिली भिंत, तीन दिवसांचं काम. नासारिओ आला, एकेक चीप अंगठ्याने दाबत गेला. एक हलली. एका सांध्यात तर चिपाच नव्हत्या.

"पाड," तो म्हणाला.

"पापा, एका सांध्यासाठी?"

"एकदाच खोटं बोललीस तर खोटारडी नाहीस का? पाड."

पोरीने रडत रडत भिंत पाडली आणि पुन्हा बांधली. आज चाळिशीत ती तिथल्या सगळ्या गवंड्यांची मुकादम आहे, आणि तिच्या हाताखालचे बाप्ये तिला टरकून असतात. काही नवं बांधलं की ती म्हणते, "माझ्या बापाने आयुष्यात एक चीप चोरली नाही." हे वाक्य नासारिओने कितीदा ऐकलं असेल! ऐकलं की पाणी प्यायला उठायचा.

यंदा मार्चमध्ये नेल्सी घरी आली ती खुशीत. "पापा, कोपऱ्याच्या भिंतीला पोट आलंय. आमच्या नव्या मुख्य डॉक्टर पेनिचे म्हणतात, उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी नाक उतरवायचं, मग मुखवटा, मग मागचं भरण. कळतंय का? हजार वर्षांत पहिल्यांदा हलणार ते, आणि ते माझ्या हाताने!"

नासारिओच्या हातातली मक्याची भाकरी रश्श्यात पडली.

त्यानंतर त्याने खाणंच टाकलं. लिब्रादाने अंडी भरलेल्या भाकऱ्यांवर भोपळ्याच्या बियांचं घट्ट वाटण ओतून पुढ्यात ठेवलं. हे खायला एरवी तो स्मशानातून उठून येईल. ताट तसंच. दुपारी दोघं आपापल्या झोळीत आडवी पडली, तरी याची झोळी थांबेना, कुरकुर कुरकुर.

"कोण आहे ती?" लिब्रादाने शेवटी विचारलं.

"कोण कोण?"

"जिच्यापायी झोप उडालीय ती. एकाहत्तराव्या वर्षी लाज वाटू दे मेल्या. गुडघे तरी बघायचेस स्वतःचे."

"ती नाही गं. नाक."

"कुणाचं नाक?"

मग त्याने सगळं सांगितलं. कागद, छिन्नी, शीळ, डबा. छपराकडे बघत सांगितलं, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. लिब्रादाने हात लांबवून त्याची झोळी थांबवली. मग म्हणाली, "म्हणजे अडतीस वर्षं मी सणासुदीला तुझ्या चुकीचं भरतकाम घालून मिरवतेय?"

"हं."

"आणि शीळ त्यामुळे गेली? दातांमुळे नाही?"

"दात काय, तीनच पडलेत."

"अरे मूर्खा," ती म्हणाली. "शीळ तरी घरात घालायची होतीस. घराने काय घोडं मारलं होतं तुझं?" डोळे पुसून ती झोळीतून उठली. "ऊठ. पोरीला सांग. भिंतीने सांगण्याआधी तू सांग. तिथे तुझ्या हातचा नवा चुना निघाला आणि तिने तो सगळ्यांसमोर बघितला, तर तिचं तोंड काळं होईल. गावाचं नाक कापलं गेलं तर जाऊ दे, गाव दुसरं काहीतरी भरेल झग्यावर. पण तिचं काय?"

त्याला भय होतं ते नेमकं हेच. गाव हसेल, मित्र म्हणवणारा तो गुमा छळेल, पुस्तकवाले शिव्या देतील, ते सगळं परवडलं. पण 'माझ्या बापाने एक चीप चोरली नाही' म्हणणाऱ्या पोरीने आपल्याकडे कसं बघावं?

नेल्सी अंगणात थाप्या धूत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगितलं. ती ऐकत होती आणि एकच थापी घासत होती. सांगून झाल्यावरही घासतच राहिली.

"माझी भिंत पाडायला लावलीत," ती म्हणाली. "तीन दिवसांची."

"हो."

"एका सांध्यासाठी. मी रात्री हातांना तूप लावून झोपले होते, फोड आले होते. आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा ते नाक होतं?"

"म्हणूनच लावलं पाडायला."

"ते मला नका सांगू!" तिने थापी बादलीत आपटली. "उद्या तिथे या. डॉक्टरांना मी सांगणार नाही, तुम्ही सांगायचं. सगळ्यांसमोर." आणि आत निघून गेली. त्या संध्याकाळी लिब्रादा दोघांच्या मधे बसून दोघांनाही वाढत राहिली.

सकाळी महालासमोर मांडव घातलेला. आमच्याकडे जुन्या भिंतीला हात लावण्याआधी जागेच्या मालकांना विचारावं लागतं. हमेन म्हणजे आमचा गावचा पुजारी, त्याने तुंब्याच्या वाट्यांतून मक्याचं पांढरं पेय मांडलं, चारी दिशांना हाका घातल्या, आणि मग म्हणाला, "कुणाच्या मनात काही असेल तर आत्ताच काढा. ओठात एक पोटात एक ठेवून भिंत उघडली, तर ती अंगावर येते."

नासारिओ पुढे झाला. टोपी हातात घेतली. वीस-पंचवीस माणसं होती, मीही होते. त्याने अंगावरचं जळतं काढून टाकावं तसं भराभर सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "चिपा मीच लावल्या नाहीत. विसरलो नव्हतो. भ्यालो."

डॉक्टर पेनिचे म्हणजे जुन्या वास्तूंवर डॉक्टरेट केलेली मेरिदाची तरुण बाई, चष्मा, अंगावर धूळ. तिने वही उघडली आणि मिटली. पहिला कंठ फुटला तो गुमाला. गुमेर्सिंदो त्सुक, फाटकावर तिकिटं फाडतो, वरनाक्यांचा पहिला कप्तान आणि नासारिओचा जन्माचा मित्र कम वैरी.

"म्हणजे," गुमा म्हणाला, "सत्तावीस वर्षं मी छातीवर तुझं नाक लावून खेळलो?"

"खेळलास कुठे, हरलास," कोणीतरी मागून म्हणालं.

"हरलो ते याच्यामुळेच! देवाचं नाक उलटं, मग चेंडू काय सरळ जाणार? तरी म्हटलं हा कोपऱ्याशी आला की चप्पल का चाचपतो!"

माणसं हसली. नासारिओ हसला नाही. तो नेल्सीकडे बघत होता. नेल्सी शिरस्त्राण घालून परांची चढायला लागली.

नेल्सीने त्याला वर यायची बंदी केली होती, गुडघ्यांचं कारण सांगून. तो ओशच्या झाडाखाली दगडावर बसला. वरून छिन्नीचे बारीक ठोके येत होते. ठोके थांबले, चुन्याचे तुकडे पडले, त्याचाच चुना, त्याने ओळखला. लिब्रादाने त्याच्या हातात पाणी दिलं, त्याने ते तसंच धरून ठेवलं. नाक दोरांनी बाहेर काढून परांचीवर ठेवलेलं दिसलं. डॉक्टरीण अर्धी खोबणीत वाकली होती, नुसते बूट दिसत होते. काहीतरी बोलणं चाललं होतं. मग नेल्सीने कठड्यावरून डोकं बाहेर काढलं.

"पापा, वर या!"

"गुडघे..."

"गुडघे राहू द्या. वर या म्हणते ना!"

तो चढला. कसा चढला त्याचं त्यालाच माहीत, मागून गुमा ढकलत होता आणि शिव्या देत होता. डॉक्टरीण बाजूला झाली आणि तिने खोबणीत बॅटरी धरली. "तात, बघा. तुमचा चुना तोंडाशी आहे, दोन बोटं जाड. त्याच्या आत जे आहे ते तुमचं नाही."

आत जुना चुना होता, पिवळट, दगडासारखा घट्ट. आणि त्यात शेपटाचा ठसा. नाकाच्या शेपटाला एका अंगाला फुगवटा होता, घडवणाऱ्याने काढायचा राहिलेला. त्या फुगवट्यासाठी जुन्या गवंड्याने ओल्या चुन्यात खळगा केला होता. खळगा वरच्या अंगाला होता, आणि नाकाचं टोक वर धरलं तरच फुगवटा वरच्या अंगाला येत होता. चारजणांनी नाक उचलून आधी टोक खाली धरून लावलं, कागदाप्रमाणे. फुगवटा अडला. टोक वर केलं. सरकन आत.

"बारोसो साहेबांनी बाकीच्या सोळांवरून ठरवलं," डॉक्टरीण म्हणाली. "खोबणीत कोणी बघितलंच नाही. हे नाक पहिल्यापासून वरच होतं, तात. तुम्ही चुकला नाहीत."

नाक पुन्हा बाहेर घेतलं होतं. नासारिओने खोबणीत हात घातला. खळग्याच्या कडेला चार बोटांचे ठसे होते, चुना दाबताना उमटलेले. त्याने आपली बोटं त्यांत ठेवून बघितली. "याची बोटं माझ्याहून बारीक होती," तो म्हणाला, आणि तिथेच परांचीवर बसून ढसाढसा रडला. अडतीस वर्षांचं ओझं एकदम उतरलं की माणूस रडणार नाही तर काय करणार! खाली लिब्रादा ओरडत होती, "काय झालं? मेला का?" गुमाने वरूनच सांगितलं, "नाही गं! वरच आहे! वरनाकेच आहोत आपण!" आणि आम्ही सगळ्यांनी असा गलका केला, की झाडांवरचे पोपट उडाले.

"पण चिपा," नासारिओ डोळे पुसत म्हणाला. "ते तर खोटंच होतं."

"ते खोटंच होतं," डॉक्टरीण म्हणाली, मऊपणाने पण ठाम. "पुस्तकातलं 'कधी हललं नाही' हे वाक्य खोडावं लागेल. अहवालात तुमचं नाव येईल, साल येईल, चिपा नव्हत्या हे येईल."

"लिहा," तो म्हणाला. "सगळं लिहा." आणि त्या दिवशी घरी जाऊन त्याने ताटं दोन खाल्ली.

नेल्सी मात्र अजून मोजकंच बोलत होती. भिंतीचं पोट काढायला पाच आठवडे लागले. भरण नवं झालं, मुखवटा परत चढला, एप्रिल सरत आला आणि शेवटी नाकाची पाळी आली. त्या सकाळी ती घरी आली, दारातच उभी राहिली. "पापा, चला."

"कुठे?"

"कुठे काय? काम अर्धवट टाकून आलात ना शहाऐंशी साली?"

वर नाक बसवून ठेवलं होतं, कडेने ओला चुना भरलेला. नेल्सीने त्याच्या हातात थापी दिली आणि पुढ्यात चिपांचा डबा ठेवला. त्याने एक चीप उचलली, चुन्यात दाबली. दुसरी दाबली. पाचव्या-सहाव्या चिपेला हात जुन्या लयीत आला. मग तो कामात इतका बुडाला, की तोंडातून शीळ कधी निघाली ते त्यालाच कळलं नाही.

"शीळ बंद कर रे भल्या माणसा!" खालून गुमा किंचाळला. "सबंध महाल चालत गावात येईल!"

सगळ्यांनी दचकून भिंतीकडे बघितलं. एक दगड हलला नाही. खाली लिब्रादा कमरेवर हात ठेवून उभी होती. "घालू दे रे त्याला," ती म्हणाली. "घालू दे."

नाकाभोवती चिपांचं कडं पुरं झालं. नासारिओ मागे सरला आणि थापी पुसू लागला. तेव्हा नेल्सी पुढे झाली. तिने अंगठा पहिल्या चिपेवर ठेवला आणि दाबला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. कडं अर्धं झालं, पाऊण झालं. डाव्या अंगाला खाली तिचा अंगठा थांबला.

"पापा, ही हलतेय."

"एक चीप, नेल्सी?"

"एकदाच खोटं बोललात तर?" ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. डोळे भरलेले होते. "काढा."

त्याने चीप काढली, चुना खरवडला, नवा भरला आणि चीप पुन्हा दाबून बसवली. नेल्सीने अंगठा ठेवून बघितलं, बराच वेळ, उगाचच, आणि मान हलवली.

खाली उतरल्यावर त्याने चपलेचा पट्टा नीट केला नाही, की खोकला नाही. महालासमोर उभा राहिला, टोपी मागे सरकवली आणि मान वर केली.